शेरा आणि कैफियत

मेहकर हे गाव सरकारी कागदाला नवखे नाही. पैनगंगेच्या काठच्या या कसब्याचे नाव अबुल फजलाच्या ‘ऐन-ई-अकबरी’त वऱ्हाड सुभ्यातील एका सरकारचे ठाणे म्हणून नोंदलेले आहे, नागपूरकर जानोजी भोसल्यांचे पारिपत्य करावयास निघालेल्या थोरल्या माधवराव पेशव्यांचा मुक्काम १७६९ साली येथे पडला होता, आणि १८६४ साली इंग्रजी अमदानीत नैर्ऋत्य वऱ्हाडचा वेगळा जिल्हा काढण्यात आला तेव्हा, मुख्य कचेरी बुलढाण्यास स्थिरावण्यापूर्वी, काही काळ त्या जिल्ह्यास मेहकरचेच नाव होते. ज्या मुलखावर इतक्या राजवटींची दफ्तरे एकामागून एक उलगडली आणि गुंडाळली गेली, तेथील लोकांच्या बोलण्यात ‘कैफियत’ हा शब्द मुरलेला असावा, यात नवल नाही. कैफियत म्हणजे ज्याच्यावर प्रसंग गुदरला त्याने आपल्या तोंडाने सांगितलेली आणि कारकुनाने तपशिलासह उतरून घेतलेली हकीकत. वतनाचा तंटा असो की शिवेचा, निवाड्याच्या आधी कैफियत मागवली जाई. दिवाणी दाव्यातील प्रतिवादीच्या लेखी उत्तरास आजही हेच नाव आहे. ‘शीळ’ या संग्रहाचे कवी ना. घ. देशपांडे याच मेहकरात वकिली करीत. म्हणजे आमच्या गावी काव्य आणि कैफियत एकाच लेखणीतून उतरत होती, असे म्हणावयास हरकत नाही.

या लेखात मला सांगावयाचे आहे ते मात्र वकिलाच्या नव्हे, शिक्षकाच्या कैफियतीविषयी. गेल्या दीडशे वर्षांत आमच्याकडे जी शाळा उभी राहिली, तिच्या दफ्तरात शिक्षकाविषयी इतरांनी लिहिलेले पुष्कळ आहे. शिक्षकाने स्वतःविषयी, आपल्या शिकविण्याविषयी, आपल्या चुकीविषयी लिहिलेले फार थोडे. जे थोडे आहे त्याचाच इतिहास मला सर्वांत मोलाचा वाटतो, कारण शिक्षणात जे काही नवे म्हणून घडले ते पुष्कळदा अशाच एखाद्या प्रामाणिक निवेदनातून घडले, असे माझे मत झालेले आहे.

इंग्रजी शाळेपूर्वी पंतोजी होता. ओसरीवर धूळपाटी पसरावी, मुलांकडून मुळाक्षरे गिरवून घ्यावी, पावकी-निमकी-औटकीची उजळणी सुरात म्हणवून घ्यावी, मोडीचा कित्ता घालून द्यावा आणि सणावाराला शिधा किंवा दक्षिणा घ्यावी, असा त्याचा व्यवहार. त्याने हजारो मुलांना हिशेब आणि हस्ताक्षर दिले, पण आपण काय करतो याची एक ओळही मागे ठेवली नाही. त्याच्या शाळेचे चित्र आपल्याला मिळते ते त्याच्या शिष्यांकडून. ‘महाराष्ट्र भाषेचे व्याकरण’ १८३६ साली प्रसिद्ध करणारे दादोबा पांडुरंग हे स्वतः अध्यापक आणि पुढे शाळांवरील अधिकारी. त्यांनी आपले चरित्र मराठीत लिहून ठेवले, आणि अ. का. प्रियोळकरांच्या संपादनाने ते १९४७ साली लोकांपुढे आले. शिकणे आणि शिकविणे या दोन्ही कर्मांकडे मागे वळून पाहणारा मराठी शिक्षक मला प्रथम भेटतो तो या ग्रंथात.

१८५३ च्या तहाने वऱ्हाड निजामाकडून इंग्रजांच्या ताब्यात आले आणि १८६६ साली येथे शिक्षणखाते स्थापन झाले. तेव्हापासून खेड्यापाड्यांतून सरकारी मराठी शाळा निघाल्या, अकोल्याच्या नॉर्मल स्कुलातून शिकून निघालेले मास्तर गावोगावी रुजू झाले, आणि शाळेबरोबर शाळेचे दफ्तरही जन्मास आले. हजेरीपट, दाखलखारीज, जडवस्तुसंग्रह, आवकजावक आणि या सर्वांवर मुकुटासारखे ठेवलेले शेरेबुक. तपासनीस साहेब दमणीतून किंवा घोड्यावरून येत, मुलांना उभे करून दोन प्रश्न विचारीत, आणि वाचन कच्चे, हिशेब बरा, स्वच्छतेकडे लक्ष पुरवावे अशा धर्तीचा शेरा लिहून पुढल्या गावी निघून जात. त्या चार ओळींवर मास्तरांची बढती, बदली आणि अब्रू अवलंबून असे. शेऱ्याच्या खाली मास्तरांची सही असे, मजकूर नसे. वाचन कच्चे का राहिले, कापूस वेचणीच्या दिवसांत निम्मी मुले शेतावर होती की नव्हती, नवे पुस्तक गावात पोचले होते की नाही, हे ज्याला ठाऊक त्याला लिहिण्यास जागा नव्हती. त्याच्याकडून लेखी काही मागविले जाई ते एकाच प्रसंगी: काही कसूर घडल्यावर, ‘खुलासा’ म्हणून. खुलासा हा बचावासाठी असतो, आणि बचाव करणारा मनुष्य आपली चूक शोधीत नाही, ती झाकतो. आमच्या शिक्षकवर्गाला स्वतःविषयी लिहिण्याची जी एक उपजत भीती आहे, तिचे मूळ मला या खुलाशांत दिसते.

तरीही काहींनी लिहिले. पुण्यात १८६१ साली शिक्षकांसाठी ‘मराठी शालापत्रक’ निघाले. कृष्णशास्त्री चिपळूणकरांच्या आणि त्यांच्यामागून विष्णुशास्त्र्यांच्या हाती ते होते. आजचे ‘जीवन शिक्षण’ मासिक आपली परंपरा त्या सालापर्यंत मागे नेते, आणि तो अभिमान सार्थ आहे. खात्याचे पत्र असूनही त्याने एक गोष्ट मान्य केली: शिक्षक हा हुकूम घेणाराच मनुष्य नसून वाचणाराही आहे. वाचणारा मनुष्य आज ना उद्या लिहू लागतो.

जोतीराव फुल्यांचा दाखला याहून तेजस्वी आहे. १८८२ साली हंटर कमिशनपुढे त्यांनी जे निवेदन सादर केले त्याच्या आरंभीच आपल्या बोलण्याला आधार कोणता, हे त्यांनी सांगून टाकले: पुण्यात आणि आसपासच्या खेड्यांत आपण स्वतः शाळा काढल्या, चालविल्या, आणि त्यातून जे कळले ते मांडीत आहोत. मुलींची, अस्पृश्यांच्या मुलांची शाळा काढणारा, ती चालविताना घरादाराला मुकलेला एक शिक्षक आपला अनुभव पुरावा म्हणून सरकारपुढे ठेवतो, आणि त्या अनुभवाच्या बळावर म्हणतो की प्राथमिक शाळेचा मास्तर हा प्रसंगी नांगराची मूठ धरण्यास न लाजणारा, शेतकऱ्यांच्या वर्गातून आलेला असावा! पुढे महर्षी कर्व्यांनी १९१५ साली ‘आत्मवृत्त’ प्रसिद्ध केले, त्यातही संस्थेच्या जमाखर्चाइतकाच स्वतःच्या मनाचा जमाखर्च मांडलेला आहे. परंतु कैफियत या शब्दाचा पूर्ण अर्थ मला फुल्यांच्या निवेदनात उतरलेला दिसतो.

विसाव्या शतकाच्या दुसऱ्या-तिसऱ्या दशकांत या लेखनाला एक निराळे, कोवळे वळण लागले. १९२४ साली साने गुरुजी अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात शिक्षक झाले आणि तेथील छात्रालयाचा भार त्यांच्याकडे आला. मुले उठण्यापूर्वी ते स्वहस्ते एक दैनिक लिहून काढीत आणि मुलांनी वाचावे म्हणून लावून ठेवीत. ‘छात्रालय दैनिक’ हे त्याचे नाव. त्यात जगाच्या वार्ता असत, थोरांच्या गोष्टी असत, आणि काल छात्रालयात काय घडले, कोणाचे काय दुखावले, आपल्याला काय वाटले, हेही असे. शिक्षकाने दिवसाचा ताळेबंद वरिष्ठाकडे न पाठविता विद्यार्थ्यांपुढे ठेवला, ही त्या काळी केवढी उलथापालथ होती! शेरेबुकाची दिशा वरून खाली येणारी. या हस्तलिखिताची दिशा समोरची.

त्याच सुमारास भावनगरच्या दक्षिणामूर्तीत गिजुभाई बधेका बालशिक्षणाचे प्रयोग करीत होते. १९३२ च्या सुमारास त्यांचे गुजराती ‘दिवास्वप्न’ प्रसिद्ध झाले आणि कालांतराने मराठीतही आले. एक शिक्षक साहेबांकडे जाऊन प्रयोगासाठी चौथीचा वर्ग मागून घेतो आणि वर्षभर काय झाले ते प्रथमपुरुषी सांगतो, अशी त्या पुस्तकाची रचना आहे. कथा कल्पित आहे. पण तिच्यातील पहिला दिवस वाचताना प्रत्येक मास्तराला तो आपलाच वाटतो. नवा शिक्षक मोठ्या उमेदीने शांततेचा खेळ मांडतो आणि वर्गात नुसता गोंधळ माजतो. घरी बसून केलेली सारी योजना तासाभरात कोसळते. तो ते लपवीत नाही, त्या फजितीपासूनच हिशेब मांडू लागतो, आणि दुसऱ्या दिवशी गोष्ट सांगावयास बसतो. शिक्षणशास्त्राचे ग्रंथ यशाने सुरू होतात. हे पुस्तक अपयशाने सुरू होते, म्हणूनच मी ते अध्यापक विद्यालयातील प्रत्येक मुलाच्या हाती देऊ इच्छितो.

गिजुभाईंच्या या कार्यातील सहकारी ताराबाई मोडक यांचा आमच्या वऱ्हाडाशी जवळचा संबंध आहे. विवाहानंतर त्यांची काही वर्षे अमरावतीस गेली. आपल्या मुलीला कसे वाढवावे, तिला कोणत्या शाळेत घालावे, या एका आईच्या प्रश्नातून त्या बालशिक्षणाकडे वळल्या, ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. त्यांच्या संशोधनाचा आरंभ ग्रंथालयात झाला नाही, घरात झाला. पुढे भावनगर, मग मुंबईस दादरचे शिशुविहार, आणि १९४५ साली ठाणे जिल्ह्याच्या समुद्रकाठी बोर्डी असा त्यांचा प्रवास झाला. बोर्डीस त्यांना अनुताई वाघ येऊन मिळाल्या. हरिजन आणि आदिवासी वस्तीतील मुले बालवाडीत येत नाहीत, हे दोघींच्या ध्यानात आले. येथे शेरा लिहिणारा असता तर त्याने ‘पालक उदासीन’ एवढे लिहून पान उलटले असते. या दोघींनी प्रश्न स्वतःला विचारला, आणि बालवाडी उचलून मुलांच्या अंगणात नेली. अंगणवाडी या शब्दाचे आणि कल्पनेचे मूळ तेथे आहे. १९५७ साली कार्य कोसबादच्या टेकडीवर गेल्यावर असे दिसून आले की मोठी मुले गुरे घेऊन रानात जातात. तेव्हा शाळा कुरणावर भरू लागली, आणि तिला कुरणशाळा म्हणू लागले. या सर्वांची हकीकत अनुताईंनी ‘कोसबादच्या टेकडीवरून’ या पुस्तकात सांगितलेली आहे. आज देशातील लक्षावधी बालके ज्या अंगणवाडीत जाऊन बसतात, तिच्या पायाशी ‘मुले येत नाहीत, आमचे काय चुकले?’ एवढा एक प्रश्न आहे, हे आठवले की माझे मन भरून येते.

वर्ध्याची नयी तालीम, मध्यप्रांत-वऱ्हाडातील विद्यामंदिर योजना, जनपद सभांचा काळ, आणि १ मे १९६२ रोजी जिल्हा परिषदांकडे आलेल्या शाळा, हा इतिहास सर्वश्रुत आहे. त्यात मी शिरत नाही. मात्र याच मध्यंतरात बाहेरच्या जगात एक नवे नाव तयार झाले होते. अमेरिकेत स्टीफन कोरी यांनी १९५३ साली शिक्षकाने आपल्याच वर्गात करावयाच्या संशोधनावर ग्रंथ लिहिला. १९७५ साली इंग्लंडात लॉरेन्स स्टेनहाउस यांनी शिक्षक हाच संशोधक होय असे निक्षून सांगितले. आणि १९९० च्या सुमारास क्लँडिनिन व कॉनेली यांनी शिक्षकाच्या अनुभवकथेला संशोधनपद्धतीचा दर्जा दिला. आमच्याकडे या विचाराला ‘कृतिसंशोधन’ हा सुरेख शब्द मिळाला आणि अध्यापक विद्यालयाच्या अभ्यासक्रमात त्यास स्थान लाभले.

स्थान लाभले आणि रकानेही लाभले. समस्येचे शीर्षक, गरज व महत्त्व, उद्दिष्टे, गृहीतके, कार्यवाही, निष्कर्ष, शिफारशी. या साच्यात शुद्धलेखनाच्या चुका नेहमी कमी होतात, वाचनाचा वेग नेहमी वाढतो, आणि उपक्रम नेहमी यशस्वी होतो. मी अशी पुष्कळ बाडे वाचली आहेत. त्यांत मुले आढळतात ती टक्केवारीच्या रूपाने, आणि शिक्षक तर आढळतच नाही. ‘संशोधकाने असे केले’ म्हणून तो तृतीयपुरुषात दडून बसतो. ‘मी’ हा शब्द लिहावयास लाजणारे संशोधन स्वतःच्या वर्गाविषयी काय सांगणार? खुलाशाची जुनी भीती येथे नव्या पोशाखात परत आलेली आहे. याच्या उलट उदाहरण पाहावयाचे तर कोल्हापूरच्या लीलाताई पाटील यांचे. शासकीय अध्यापक महाविद्यालयाच्या प्राचार्यपदाचा अनुभव गाठीशी असताना त्यांनी १९८५ साली सृजन आनंद विद्यालय सुरू केले, आणि ‘शिकता शिकविता’, ‘प्रवास ध्यासाचा, आनंद सृजनाचा’ यांसारख्या पुस्तकांतून त्या शाळेतील दिवसांची कहाणी स्वतःच्या शंकांसह मांडली. त्यांची पुस्तके वाचताना वर्गाच्या दारात उभे राहून आत पाहावे तसे वाटते.

आता माझी स्वतःची कैफियत. मेहकर तालुक्यातील एका दोनशिक्षकी शाळेत मी पहिलीच्या वर्गावर होतो. रोजचे टाचण वहीत काढण्याची शिस्त होती: दिनांक, तासिका, घटक, उद्दिष्ट, साहित्य, आणि अगदी उजवीकडे दोन बोटे रुंदीचा ‘शेरा’. जुलैच्या पहिल्या आठवड्यात एका तांड्यावरच्या मुलाच्या संदर्भात मी त्या दोन बोटांत लिहिले, ‘शब्दसंपत्ती अत्यल्प. बोलत नाही.’ त्याचा आधार असा की चित्रतक्त्यावरील भाकरीवर छडी ठेवून मी ‘हे काय?’ विचारले असता तो हळूच ‘बाटी’ म्हणाला होता, वर्ग हसला होता, आणि मी ‘चूक, भाकर म्हण’ असे सांगून पुढल्या मुलाकडे वळलो होतो. त्यानंतर तो मुलगा तीन आठवडे बोलला नाही.

ऑगस्टात शाळाबाह्य मुलांची नोंद करण्यासाठी मला त्या तांड्यावर जावे लागले. दारात हाच मुलगा आपल्या धाकट्या भावंडांना काही तरी रंगवून सांगत होता, हातवारे करीत, आवाज बदलीत, मध्येच थांबून त्यांना हसवीत. मला पाहताच तो गप्प झाला. त्याच्या आईने मला बसावयास घोंगडी टाकली आणि आत पाहून विचारले, बाटी खाणार का? तो शब्द माझ्या कानावर पडला आणि माझ्या हातातील नोंदीचा कागद मला जड झाला. तांड्यावरच्या बंजारा लोकांच्या गोरबोलीत भाकरीला बाटी म्हणतात, आईला याडी म्हणतात. मुलाने अचूक उत्तर दिले होते, आणि चूक शिक्षकाची होती.

त्या रात्री टाचणवहीच्या डावीकडच्या कोऱ्या पानावर, जेथे काही लिहावयाचे नसते, तेथे मी हे सर्व लिहून काढले. लिहिताना ध्यानात आले की मी गेल्या तीन आठवड्यांत त्याला एकूण चारच प्रश्न विचारले होते आणि चारही चित्रतक्त्यावरून. दुसऱ्या दिवशी भिंतीवर दोन रांगा आखल्या, एकीत आमचे शब्द, एकीत त्याचे. दुसऱ्या रांगेचा मास्तर तो. पंधरवड्यात तांड्यावरची आणखी दोन मुले बोलू लागली. डावीकडच्या पानांवर हे रोज उतरत गेले, आणि ही पाने कोणी तपासली नाहीत. दिवाळीनंतर त्याचे आईबाप ऊसतोडीस गेले, तोही गेला. दाखलखारीजमध्ये त्याच्या नावापुढे ‘सतत गैरहजर’ अशी नोंद आहे आणि ती माझ्याच हातची आहे. माझ्या वहीत मात्र चौदा पाने आहेत, आणि त्यांवरून तो मुलगा कोण होता, तो का आला आणि का गेला, हे कोणालाही कळेल.

अशा आत्मनिवेदनाला संशोधन म्हणावे काय, असा आक्षेप विद्वान घेतात, आणि तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही. मनुष्य स्वतःविषयी लिहितो तेव्हा स्वतःला उजळ करून दाखवितो. स्मरणही त्याच्या बाजूने साक्ष देते. यावर माझे उत्तर असे की, जुन्या काळी कैफियतीची रुजुवात होत असे, ती येथेही झाली पाहिजे. हकीकत त्याच दिवशी लिहिलेली असावी, वर्षाअखेरीस आठवून नव्हे. मुलाचे शब्द मुलाच्याच बोलीत उतरलेले असावेत. आणि शेजारच्या वर्गावरील शिक्षकाने ती वाचून ‘मला असे दिसले नाही’ म्हणण्याची मोकळीक असावी. एवढे सांभाळून लिहिलेल्या निवेदनात सर्व काही साधलेच असे आढळले, तर ते बाजूस ठेवावे. ज्यात शिक्षकाचे काही चुकल्याची नोंद नाही ते मी अहवाल समजतो.

१८८८ साली मेहकरात जमिनीखालून शारंगधर बालाजीची भव्य मूर्ती निघाली आणि आज दूरदूरची माणसे तिच्या दर्शनाला येतात. मातीखाली गेलेला पाषाण शतकांनंतरही वर येऊ शकतो. रद्दीत गेलेला कागद येत नाही. या तालुक्यातील जुन्या शाळांच्या कपाटांत शेरेबुके, टाचणवह्या, रोजनिशा, शिक्षकांनी मुलांसाठी काढलेली हस्तलिखिते अजून काही ठिकाणी पडून आहेत. इमारतीची दुरुस्ती निघाली की त्यांचे गठ्ठे वजनावर जातात. मुख्याध्यापकांना, केंद्रप्रमुखांना माझी हात जोडून विनंती आहे की असे बाड विकण्यापूर्वी एक दिवस ते उघडून बसावे आणि त्यांत शिक्षकाच्या स्वतःच्या हातची, कोणी न मागितलेली जी पाने सापडतील ती वेगळी काढून ठेवावीत. आणि आज वर्गावर असलेल्या माझ्या तरुण बंधुभगिनींनी टाचणवहीचे डावीकडचे पान कोरे सोडू नये.